शेवड्यांनी मागे घेतलेली भिंगरी

गोपाळकृष्ण शेवडे निवृत्त झाले तेव्हा आनंद त्यांच्या कचेरीला झाला आणि धसका घेतला तो त्यांच्या बायकोने, सरोजिनीबाईंनी. शेवड्यांची सबंध हयात सरकारी हिशेब तपासण्यात गेली होती. दुसऱ्याच्या कागदात चूक शोधायची आणि तिच्यावर आक्षेप काढायचा, हे त्यांचं काम. ते त्यांना मनापासून आवडायचं. आता कागद येईनासे झाले, पण आवड कुठे जाणार? ती स्वयंपाकघरात आली.

"काल कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, आज चार. कारण?"

"डाळ जुनी आहे."

"मग जुनी डाळ घेतलीच कशाला?"

डाळ त्यांनीच दालबाजारात तासभर घासाघीस करून आणली होती. पण हा मुद्दा विचारात घ्यायला ते तयार नव्हते.

शेवड्यांचे पूर्वज दरबारचे उपाध्ये. वडिलांनी मात्र पळी-पंचपात्र बाजूला ठेवून गिरणीच्या कचेरीत नोकरी धरली आणि बिर्लानगरात बिऱ्हाड केलं. पुढे गिरणी बंद पडली, शेवडे तिथेच राहिले. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या जुन्या वस्तीतले नातेवाईक अजूनही "बिर्लानगर? बाप रे, इतक्या लांब!" असं म्हणत, जसं काही चंबळ ओलांडून जायचं आहे. खरं म्हणजे सवारी टेम्पोने फार वेळ लागत नाही. पण शेवड्यांकडे गेलं की ते आपल्या बोलण्यातल्या चुका काढतात हे सर्वांना माहीत असल्यामुळे ते अंतर कुणालाच कमी करायचं नव्हतं.

सरोजिनीबाईंना एका हळदीकुंकवात कळलं की लष्करातले दौलतसिंह माने दर रविवारी पक्षी बघायला माणसं नेतात. भल्या पहाटे निघतात, उन्हं चढल्यावर परततात. एवढं ऐकून त्यांनी तिथल्या तिथे नवऱ्याचं नाव देऊन टाकलं. मुलाने, राघवने, पुण्याहून दुर्बीण आणि पक्ष्यांचं पुस्तक पाठवलं. सोबत निरोप होता, "बाबा, परत करता येणार नाही, तेव्हा आक्षेप नको."

दौलतसिंहांच्या घराण्यात सगळे फौजेतले. ते स्वतः गॅस एजन्सी चालवायचे, पण खांद्यावर तोफेसारखी लेन्स घेतली की घराणं दिसायचं. पूर्वज ज्या आवाजात हुकूम सोडत असतील त्या आवाजात ते पक्ष्यांची नावं सोडत. "कोतवाल! वेडा राघू! शिक्रा!" नाकारायची छाती पक्ष्यांचीही होत नसावी.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पक्षी बघणाऱ्यांचं हे मंडळ बिर्लानगरच्या मागच्या नाल्यावर आलं. जुन्या पुलाखालून पाखरांचा थवा भुर्रकन बाहेर पडला, वर गिरक्या घेऊ लागला.

"बतासी," दौलतसिंह म्हणाले. "मराठीत पाकोळी. किल्ल्याच्या दरवाजात बघता ना आपण, त्याच. चला पुढे."

सगळे पुढे गेले. शेवडे थांबले. आदल्या दिवशीच त्यांनी पुस्तकात वाचलं होतं की पाकोळीचे पाय इतके आखूड असतात की तिला तारेवर किंवा फांदीवर बसताच येत नाही. ती फार तर भिंतीला लटकते. आणि इथे त्यांच्या डोळ्यांदेखत एक पाखरू विजेच्या तारेवर येऊन बसलं. मग आणखी काही बसली, जवळजवळ, पिसं साफ करत.

"मानेसाहेब, एक आक्षेप आहे."

दौलतसिंह वळले.

"या पाकोळ्या बसल्यात."

"मग बसू द्या की. थकल्या असतील."

"पाकोळीला बसता येत नाही."

मंडळातली सर्वांत लहान सभासद हर्षिता, कुरियर कंपनीत नोकरी करणारी, मान वर करून म्हणाली, "दौलतकाका, बैठे तो हैं सच में."

"दुसरे कुठले तरी असतील, मिक्स होतात," दौलतसिंह म्हणाले. मग शेवड्यांच्या खांद्यावर हात ठेवून समजावणीच्या सुरात, "शेवडेसाहेब, फील्डवर किताब चालत नाही. फील्डवर तजुर्बा लागतो."

असं बोलणं शेवड्यांनी नोकरीत शेकडो अधिकाऱ्यांकडून ऐकलं होतं. हे ऐकलं की पुढे काहीतरी सापडतं, हा त्यांचा तजुर्बा होता.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी पुलाशी जाऊ लागले. घरटी पुलाच्या पोटाला होती. एकाला एक चिकटलेली, चिखलाच्या गोळ्यांची, लांबून मोहोळ वाटावं अशी. प्रत्येकाला बाटलीच्या गळ्यासारखं तोंड होतं आणि बऱ्याचशा तोंडांतून एकेक डोकं बाहेर बघत होतं. गिरणी चालू असताना चाळीच्या खिडक्यांत बायका अशाच डोकावत, हे शेवड्यांना आठवलं. गलकाही तसाच होता.

चिखल कुठून येतो? पुलापलीकडे पाण्याचा एक पाइप गळत होता. तिथे डबकं झालं होतं आणि त्याच्या काठावर ही पाखरं उतरायची. पंख मळू नयेत म्हणून ते वर धरून फडफडवायची, चोचीत एक गोळी घ्यायची आणि उडायची. शेवडे बघतच राहिले. या पाइपाबद्दल त्यांनी गेली कित्येक वर्षं तक्रारी केल्या होत्या. दर वेळी फोनवर निरोप यायचा की आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे, आणि पाइप मनसोक्त गळत राहायचा. गळती असली की तिच्यावर जगणारे असतात, हे त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. इतके कष्टाळू मात्र पहिल्यांदाच पाहत होते.

डबक्यावरची पाखरं दुर्बिणीतून अगदी जवळ दिसायची. डोक्यावर विटकरी टोपी. पाठ निळसर काळी, चकचकीत. शेपटी जेमतेम खाच पाडल्यासारखी. आणि मळकट पांढऱ्या गळ्यावर, छातीवर बारीक काळ्या रेघा, पेन्सिलीने ओढाव्यात तशा. पुस्तकात चित्र सापडलं. रेघाळ गळ्याची भिंगरी. एकेकटी न राहता वस्ती करून राहणारी. शेवड्यांनी पुस्तक मिटलं आणि लगेच पुन्हा उघडलं. स्वतःच्या कामावरही एकदा आक्षेप घेऊन बघायची त्यांची पद्धत होती. पण या वेळी काही सापडलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मंडळाला पुलापाशी उभं केलं आणि मुद्दे मांडले. पंख पाकोळीसारखे विळ्याच्या आकाराचे नाहीत. तारेवर बसतात. घरटं चिखलाचं, पिसांचं नव्हे. गळ्यावर रेघा.

"रेघा कुठे? उजेड तसा पडलाय," दौलतसिंह म्हणाले.

हर्षिताने मोबाइलवर फोटो मोठा करून सर्वांपुढे फिरवला. रेघा होत्या. विटकरी टोपीही होती. दौलतसिंहांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मोबाइलच्या फोटोवर माझा भरवसा नाही." पण त्यांचा आवाज आता हुकमाचा राहिला नव्हता. शेवडे घरी आले ते गुणगुणत. त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या त्यांनी मोजल्या नाहीत.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण हर्षिताने रील टाकलं होतं. "ग्वालियर में पहली बार! अबाबील की पूरी कॉलोनी!" अबाबील म्हणजे भिंगरी. पुलाखाली वर्षानुवर्षं संसार करणाऱ्या पाखरांना हे पहिल्यांदाच कळलं असेल. रील हजारोंनी पाहिलं. मग एका वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. शेवड्यांनी त्याला स्वच्छ सांगितलं, "भाईसाहब, ये दुर्लभ नहीं है. देशभर में पुलों के नीचे मिलती है." वार्ताहराने त्यातला 'दुर्लभ' हा शब्द तेवढा घेतला. दुसऱ्या दिवशी तो जाड अक्षरांत छापून आला, खाली दुर्बीण धरलेले शेवडे.

खोटं कशाला बोलायचं, शेवड्यांना ते आवडलं. लष्करातले दोन चुलतभाऊ, जे राघवच्या मुंजीनंतर फिरकले नव्हते, पेढे घेऊन बिर्लानगरात आले. मराठी समाजाने सत्कार करून नारळ दिला. त्या कार्यक्रमात दौलतसिंह दुसऱ्या रांगेत बसले होते आणि टाळ्या फार हळू वाजवत होते. शेवड्यांनी ते व्यासपीठावरून नीट पाहून घेतलं.

आणि मग माणसं येऊ लागली. आधी दुर्बिणी घेऊन, मग मोबाइल घेऊन, मग नुसतीच. पुलाच्या तोंडाशी पाणीपुरीची गाडी लागली. कुणी साहेब बघायला येणार म्हणून एका दुपारी चार माणसं आली आणि तो पाइप दुरुस्त करून गेली. शेवड्यांच्या कित्येक वर्षांच्या तक्रारींना जे जमलं नव्हतं ते एका बातमीने करून दाखवलं. डबकं दोन-तीन दिवसांत सुकलं, चिखलाला भेगा पडल्या. अर्धवट बांधलेली घरटी तशीच राहिली. पाखरं सुकलेल्या जागेवर उतरायची, इकडेतिकडे चोच मारायची आणि रिकामीच उडायची.

शेवडे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "ही साधी पाखरं आहेत. मामूली चिड़िया है. घर जाइए."

"कितने विनम्र हैं," एक बाई आपल्या यजमानांना म्हणाल्या.

एका सकाळी ते पोचले तर एक तरुण लांब बांबूने पुलाच्या खालच्या अंगाला ठोकत होता आणि त्याचा मित्र मोबाइल धरून उभा होता. थवा एकदम बाहेर पडला की रील चांगलं येतं. थवा बाहेर पडला. त्याबरोबर घरट्यांचा एक झुपकाही खाली आला आणि दगडांवर फुटला.

शेवडे ओरडत धावले. बांबूवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अंकल, आप वही अबाबील वाले हो ना? एक सेल्फी प्लीज!"

ते गेल्यावर शेवडे खाली उतरले. मातीत अंड्यांची कवचं होती, पांढरी, बारीक तांबूस ठिपक्यांची. एक पिल्लूही होतं, पण त्याच्यासाठी आता करण्यासारखं काही नव्हतं. वर पाखरं तुटलेल्या जागेपाशी येऊन फडफडत होती, मागे जात होती, पुन्हा येत होती. शेवड्यांनी पायाने खड्डा करून पिल्लू त्यात ठेवलं आणि बराच वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले.

घरी येऊन त्यांनी सरोजिनीबाईंना सगळं सांगितलं. "मी रोज ओरडून सांगतोय की ही साधी आहेत. कुणी ऐकत नाही."

"कसं ऐकतील? पेपरात तुम्हीच आलात."

"मग काय करू? पहारा देऊ?"

सरोजिनीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात. एकदा आपली काढून बघा. माणूस स्वतःची चूक सांगतो ना, ते लोकांना लगेच पटतं."

"पण माझी चूक नाहीये!"

"म्हणूनच तर तुम्हाला जड जाईल," त्या म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस शेवड्यांनी घरात एकही आक्षेप काढला नाही. चुकीची नोंद ढळढळीत दिसत असताना तिच्याखाली सही करायची, हे त्यांनी कधी केलं नव्हतं. त्यापायी दोनदा बढती अडली होती, साहेबांशी वैर झालं होतं. आणि आता सही कशाखाली करायची, तर दौलतसिंह मान्यांच्या पाकोळीखाली! तिसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि टेम्पोत बसून लष्कर गाठलं.

दौलतसिंह एजन्सीत बसले होते. त्यांनी चहा मागवला, पण हसले नाहीत.

"मानेसाहेब, मी माझा आक्षेप मागे घेतो," शेवडे म्हणाले. वाक्य त्यांनी वाटेत पुष्कळ घासूनपुसून तयार केलं होतं. आक्षेप मागे घेतला म्हणजे तो चुकीचा होता असं होत नाही, हे खात्यातल्या कोणत्याही माणसाला कळलं असतं.

दौलतसिंह खात्यातले नव्हते. "म्हणजे? पाकोळ्याच आहेत?"

शेवड्यांनी चहाचा घोट घेतला. तो भलताच गरम होता.

"हो," ते म्हणाले. "पाकोळ्याच."

"बसतात कशा मग?"

"थकल्या असतील."

दौलतसिंह खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी शेवड्यांना मिठी मारली. "गोपाळराव! याला म्हणतात मोठं मन! अहो, माझंही चुकतं कधी कधी. या वेळी नाही, पण चुकतं!"

मग जे झालं ते शेवड्यांनी कल्पनेत धरलं नव्हतं. दौलतसिंहांनी महाराज बाडा चौकाजवळच्या एका सभागृहात बैठक बोलावली. वार्ताहरालाही बोलावलं. अर्धा तास ते पाकोळी या विषयावर बोलले आणि शेवटी म्हणाले, "पढेलिखे माणसं चूक करतात, हरकत नाही. कबूल कोण करतो? शेवडेसाहेबांनी केली!" शेवड्यांच्या खांद्यांवर शाल पडली. टाळ्या आधीच्या कार्यक्रमापेक्षा जास्त झाल्या. शेवडे उभे राहिले तेव्हा त्यांच्या जिभेवर निदान तीन दुरुस्त्या होत्या. त्यांनी हात जोडले आणि खाली बसले.

हर्षिताने मान खाली घालून नवं रील टाकलं, "सॉरी दोस्तों, वो बतासी निकली." वर्तमानपत्राने आतल्या पानावर दोन ओळी दिल्या. बतासी काय, किल्ल्यात, देवळात, कुठेही असते. ती बघायला बिर्लानगरचा नाला कोण तुडवणार? आठवड्याभरात पुलावर शुकशुकाट झाला. पाणीपुरीवाला शेवटपर्यंत टिकला, मग तोही गेला.

राहिला चिखल. पाइप पुन्हा गळावा म्हणून अर्ज करण्याची सोय नव्हती. म्हणून शेवडे रोज सकाळी घरून पाण्याचे कॅन नेऊ लागले. एकट्याला ते झेपेना, तेव्हा सरोजिनीबाई बरोबर निघाल्या. नवऱ्याला घराबाहेर काढायला गेलेल्या बाई अशा रीतीने स्वतःच बाहेर पडल्या. शेवड्यांनी फावड्याने जुनी माती उकरली, बाईंनी पाणी ओतलं. पहिल्या दिवशी नुसती एक म्हैस आली. दुसऱ्या दिवशी दोन भिंगऱ्या उतरल्या, पंख वर धरून. मग आल्याच.

"माती फार पातळ केलीत," शेवडे म्हणाले.

"तुम्ही बांधताय का घरटं?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

मार्च संपत आला असताना एका सकाळी हर्षिता स्कूटर लावून उभी राहिली. बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, "काका, एक पूछूँ? मी माझे सगळे फोटो पुन्हा पाहिले. पुस्तक पण आणलं लायब्ररीतून. ये बतासी नहीं है ना?"

शेवडे गडबडले. खोटं एकदा बोलून झालं होतं. दुसऱ्यांदा बोलायचा सराव नव्हता. त्यांनी पाण्याचा कॅन खाली ठेवला.

"तुला काय वाटतं?"

"रेघा आहेत. टोपी आहे. चिखल नेतायत."

"मग मला कशाला विचारतेस?"

"तुम्ही सगळ्यांसमोर मान्य केलंत म्हणून. मैंने सॉरी वाला वीडियो डाला! मला किती लोक हसले, माहितीये?"

शेवड्यांनी तिला तुटलेली जागा दाखवली. तिथे आता नव्या ओल्या मातीची गडद वर्तुळं दिसत होती. बांबूची गोष्ट सांगितली. फोन हर्षिताच्या हातात होता. तो तिने बॅगेत टाकला, सँडल काढल्या आणि रिकामा कॅन उचलून म्हणाली, "पाणी कुठून आणायचं?"

एप्रिलमध्ये पिल्लं बाहेर पडली. तारेवर ओळीने बसून ती तोंडं वासून ओरडायची आणि आईबाप उडता उडता त्यांच्या चोचीत काहीबाही कोंबून जायचे. पिल्लांची टोपी अजून फिकी, मातकट होती.

शेवड्यांचं मात्र भलतंच झालं. त्या एका कबुलीने ते गावात सचोटीचे म्हणून प्रसिद्ध झाले. बिर्लानगरातल्या दोन भावांनी भिंतीचा वाद त्यांच्याकडे आणला, कारण "शेवडेसाहेब स्वतःची चूक मानतात, ते पक्षपात करणार नाहीत." लष्करातल्या चुलतभावांनी मुलीच्या लग्नाची बोलणी त्यांच्या मध्यस्थीने केली. चाळीस वर्षं खरं बोलून जे नातेवाईक दुरावले होते ते एका थापेने परत आले. शेवडे या गोष्टीचा विचार करायला लागले की त्यांना झोप लागायची नाही, म्हणून त्यांनी विचार करणं सोडलं.

मे महिन्यात दौलतसिंहांचा फोन आला. मंडळाने पक्षी ओळखण्याच्या समितीवर शेवड्यांना प्रमुख नेमायचं ठरवलं होतं. चूक मान्य करणाऱ्या माणसाहून या कामाला लायक कोण?

शेवडे पुलाशीच उभे होते. खाली सरोजिनीबाई आणि हर्षिता पाणी ओतत होत्या आणि एक भिंगरी त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर चिखल उचलत होती.

"घेतो," शेवडे म्हणाले. "पण एक अट आहे मानेसाहेब. रविवारची फेरी बिर्लानगरकडे आणायची नाही."

"का हो? तुमचाच भाग."

"इथे काय बघायचंय? साध्या पाकोळ्या."

"ते मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो," दौलतसिंह खूश होऊन म्हणाले.

"हो, तुम्ही सांगत होता," शेवडे म्हणाले आणि फोन खिशात टाकून रिकामा कॅन घ्यायला खाली उतरले.